जायफळ मी दिलं, नाव तुझं सांगितलं

प्रिय शालन,

तुझ्या नावामागे सौ. लिहावं की कै., हे मला कळेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. राग मानू नकोस. राग मानण्यासारखं दुसरंच पुष्कळ आहे, ते पुढे येईल.

दुपारचे दोन वाजलेत. घरात मी एकटा आहे. महेश, अनुजा आणि दोन्ही नातवंडं परळला मुलांच्या हॉस्पिटलात गेलीत, धाकट्या नीलला पुन्हा एकदा दाखवायला. जाताना महेश म्हणाला, "बाबा, तुम्ही आराम करा." आराम! मला कोणी आराम करा म्हटलं की मी घरभर फेऱ्या मारतो, हे तुला ठाऊक आहे. मोठी ईरा सहा वर्षांची. तिला हॉस्पिटलात न्यायचं काही कारण नव्हतं. पण तिला माझ्यापाशी ठेवली नाही.

घाबरू नकोस, नील बरा आहे. हे आधी लिहायला हवं होतं. काल त्याने दोन इडल्या खाल्ल्या आणि माझ्या चपला गॅलरीत नेऊन लपवल्या.

मग पत्र कशाला? कारण परवा मी डॉक्टरांसमोर, मुलासमोर, सुनेसमोर तुझ्यावर आळ घेतला. तुला जाऊन तीन वर्षं झाली, तू काही उलट बोलायला येणार नाहीस, हे माहीत असून घेतला. आणि आत्ता अर्ध्या तासापूर्वी कुंदा येऊन गेली. आपल्या चाळीतली, शेजारच्या खोलीतली कुंदा. तिने जे सांगितलं ते ऐकलं आणि लगेच लिहायला बसलो. सातवी पास माणसाचं अक्षर, त्यात घाई! तरी लाव. तुला माझं अक्षर लागायचं.

पहिल्यापासून सांगतो. मध्ये बोलू नकोस, तुला सवय होती.

तू हे घर पाहिलं नाहीस. लालबागची आपली चाळ पाडली, तिथेच टॉवर झाला, आपण चौदाव्या मजल्यावर. कुंदा अकराव्यावर. लिफ्ट बंद पडली तर काय, या काळजीने मी दिवसातून एकदाच खाली उतरतो. सोमवारी पहाटे महेश सगळ्यांना घेऊन अमेरिकेहून आला. येत्या मंगळवारी दादरला अनुजाच्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे. नील तीन वर्षांचा झाला शालन, आणि मी त्याला पहिल्यांदा मांडीवर घेतला. केवढा जड आहे!

पण त्यांचं घड्याळ उलटं. आपल्याकडे दिवस तेव्हा तिकडे रात्र. पोरं दुपारी जेवता जेवता ताटात डोकं टाकायची आणि रात्री एक वाजता टक्क जागी. पलंगावरून उड्या, टाळ्या, "आजोबा, वेक अप!" मी उठायचो. मला तसंही झोप कुठे असते?

अनुजाने याची तयारी तिकडूनच केली होती. निघायच्या आधी चार दिवस पोरांची झोपायची वेळ थोडी थोडी सरकवली होती म्हणे. इथे आल्या आल्या तिने फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला. सकाळी सात, खाली उन्हात. जेवण इथल्या वेळेला, भूक नसली तरी दोन घास. दुपारची झोप एकच तास, मग उठवायचं, रडलं तरी. सहानंतर मोठे दिवे बंद, मोबाईल बंद. साडेआठला अंथरुणात.

मी तो कागद वाचून हसलो. म्हटलं, "अनुजा, हा तर आमच्या मिलचा पाळीचा बोर्ड!"

ती म्हणाली, "हसू नका हो बाबा. शरीराला चार-पाच दिवस लागतात नवीन वेळ शिकायला. मोठ्यांचं निभतं. मुलांना कळतच नाही आपल्याला काय होतंय, म्हणून ती रडतात."

मला कळायला नको होतं? बावीस वर्षं मी मिलमध्ये कापड विणायच्या साच्यावर तीन पाळ्यांत काम केलं. रातपाळीचा आठवडा लागला की पहिले तीन दिवस पोट बिघडायचं, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी व्हायची, कोणी हळू बोललं तरी अंगावर यायचं. मी मोठा माणूस असून भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. आणि या पोरांना आम्ही शहाण्यासारखं वागा म्हणत होतो!

तरी मी काय केलं, ते ऐक. बुधवारी दुपारी अनुजा नीलला उठवायला गेली. ते पोर असं हंबरलं की मला बघवेना.

"राहू दे ना गं. किती कोवळं आहे ते."

"बाबा, प्लीज. आत्ता झोपू दिलं तर रात्री परत एकला उठेल."

तिने त्याला उठवून बसवला आणि आंघोळीला गेली. मी त्याला खांद्यावर घेऊन थोपटला. दोन मिनिटांत झोपला. ती बाहेर आली तर मी बोटाने गप्प राहायची खूण केली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि केस पुसत आत गेली. तासभर आणखी झोपला. आणि रात्री बरोबर एकला उठला!

गुरुवारी सकाळी ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होती. महेश तिला सांगत होता, "दोन दिवसांत होईल गं नीट." ती म्हणाली, "मला फक्त एक रात्र सलग झोप हवीय महेश. एक." मी दारातून मागे फिरलो. मला वाटलं हे माझ्यामुळे झालं, आता मीच निस्तरायला पाहिजे. शालन, मला काही निस्तरावंसं वाटलं की तू पदर खोचून उभी राहायचीस, "तुम्ही बसा" म्हणायचीस. गुरुवारी मला बसा म्हणायला कोणी नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी अनुजाचा ब्लाउज आणायला दोघं दादरला गेली. पोरं माझ्याजवळ. मी दूध तापवलं. आणि माझ्या डोक्यात आईचा आवाज आला, माझ्या आईचा. आपल्या गावच्या घरी कोणाचं पोर किरकिरलं की ती म्हणायची, "जायफळ चाटव, गप निजतला." मसाल्याच्या डब्यात जायफळ होतं. किती द्यायचं? मला काय माहीत! सहाणेवर उगाळतात हे माहीत होतं. पण सहाण सापडेना, आणि हातही थरथरतो. म्हणून मी किसणी घेतली.

अर्धं जायफळ किसलं मी, शालन. लिहिताना अंगावर काटा येतो. मला वाटलं, पोर मोठं आहे, तिकडच्या दुधावर वाढलेलं आहे, थोड्याने काय होणार? साखर घालून ढवळलं. ईरा स्टुलावर बसून बघत होती.

"आजोबा, हे काय आहे?"

"झोपेची जादू."

तिने वास घेतला. "यक!" म्हणाली आणि तोंड फिरवलं. देवानेच फिरवलं म्हणायचं. नील मात्र गटागट प्यायला. मग मी ईराला काय म्हणालो माहीत आहे? "मम्माला सांगायचं नाही हं. आपलं दोघांचं गुपित." आणि तिच्यासमोर हाताचा पंजा धरला. तिने त्यावर टाळी दिली.

साडेसातला नील झोपला. अनुजा आली, बघते तर पोर गाढ! तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मला म्हणाली, "बाबा, काय जादू केलीत?" ईराने माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. त्या रात्री सगळं घर झोपलं. मीसुद्धा! आणि मला माझाच अभिमान वाटला.

शुक्रवारी सकाळी सातला अनुजाने पडदे उघडले. नील हलला नाही.

"किती दिवसांची भरून काढतोय," महेश म्हणाला. "झोपू दे."

आठ वाजले. अनुजाने हाक मारली, गालाला हात लावला. त्याने डोळे किलकिले केले आणि मिटले. नऊला ती म्हणाली, "महेश, हा जरा लाल दिसतोय का?" मी जाऊन वाकलो. गाल तापलेल्या तव्यासारखे. ओठ सुकून पांढरे. छातीवर हात ठेवला, तर आत काळीज असं धावत होतं जसं काही कोणी त्याच्या मागे लागलंय. हात काढून घेतला मी. मला कळलं. त्या क्षणी कळलं.

"बाबा, तुम्हाला काय वाटतं?" अनुजाने विचारलं.

आणि मी म्हणालो, "झोपू दे. प्रवासाचा शीण आहे."

का म्हणालो मी असं? दोन दिवस हेच विचारतोय स्वतःला. त्या दोघांना वाटत होतं ही उलट्या घड्याळाची झोप आहे. त्यांना तसं वाटण्यासारखं सगळं होतं. तसं नाही हे माहीत असलेली त्या घरात दोनच माणसं. एक मी. दुसरी स्टुलावर बसून दूध न पिता माझ्याकडे बघणारी सहा वर्षांची पोरगी. मला वाटत होतं, आत्ता उठेल. दहा मिनिटांत उठेल. उठला तर कोणाला काही कळायची गरजच नाही. मी देवापुढे दिवा लावला. गॅस बंद आहे का ते तीनदा पाहून आलो. शालन, पोराचं काळीज धावतंय आणि मी गॅस बघतोय!

दहाला अनुजाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणालो.

साडेदहाला तिने त्याला उभा करायचा प्रयत्न केला. पाय लुळे. डोळे उघडले, पण आईकडे बघून ओळख नाही. "महेश!" अशी किंचाळली ती की समोरच्या घराचं दार उघडलं.

खाली चौकातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी धरली, भुवया वर गेल्या. "काही दिलंय का याला? सर्दीचं, उलटीचं, झोपेचं?"

"काहीच नाही," अनुजा म्हणाली. "विमानातसुद्धा काही दिलं नाही मी."

"आठवून बघा. घरातल्या कोणाच्या गोळ्या वगैरे तोंडात गेल्या का?"

तिथे मला बोलावं लागलं. तिथेही खरं बोललो असतो तर! मी म्हणालो, "जायफळ… दुधातून. आमची ही द्यायची. माझ्या मुलांना नेहमी द्यायची. आमच्या घरातली पद्धतच आहे ती."

आमची ही द्यायची! ऐकलंस?

डॉक्टरांनी किती दिलं ते विचारलं, कधी दिलं ते विचारलं. मी सांगितलं. ते चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, "आजोबा, जास्त झालं की जायफळ हे विषच आहे. सकाळी सांगितलं असतंत तर सकाळीच पाठवला असता." मग टॅक्सी, मग हॉस्पिटल. एवढ्याशा हाताला सलाइन. छातीला तारा. यंत्राचा आवाज टुक टुक टुक, आणि प्रत्येक टुकाला मी मोजत होतो. मिलमध्ये एवढ्या साच्यांच्या आवाजात मी कधी घाबरलो नाही. तो एवढासा आवाज मला सहन होत नव्हता.

अनुजा नीलचा हात धरून पलंगाशी बसली होती. एकदाच वळली. अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी तुम्हाला नऊ वाजता विचारलं होतं. दहा वाजता विचारलं होतं."

मी सलाइनच्या बाटलीकडे बघितलं.

"आणि ईराला सांगितलंत, मला सांगू नको म्हणून?"

ईराने तिला टॅक्सीत सांगितलं होतं. मी पुढे बसलो होतो, मला ऐकूही आलं नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास नीलने डोळे उघडले आणि म्हणाला, "मम्मा, पाणी." बाहेर बाकावर मी ते ऐकलं. एक रात्र ठेवून घेतला त्याला, काल सकाळी घरी आणला. आजची तपासणी फक्त खात्रीसाठी आहे, असं मला सांगितलंय. असेलच ना गं? की मला घाबरवायचं नाही म्हणून सांगितलं?

आता तुझं प्रकरण.

काल अनुजा तिच्या आईशी फोनवर बोलत होती. दार उघडं होतं. "अगं, सासूबाईंचंच खूळ ते. त्यांनी म्हणे दोन्ही मुलांना जायफळ देऊन देऊन झोपवलं. महेश वाचला हेच नशीब." महेश तिथेच बसला होता. त्याने तिला अडवलं नाही. कसा अडवणार? तेव्हा त्याला काय कळत होतं? बापाने सांगितलं, त्याने मानलं. पण तुझ्या फोटोकडे त्याने असं काही पाहिलं… मी गॅलरीत निघून गेलो.

आणि आज ती सगळी बाहेर पडल्यावर कुंदा आली, नीलची चौकशी करायला. मी तिलाही तेच ऐकवलं. माझ्या तोंडात बसलंच होतं ते. "शालन द्यायची ना, तसंच दिलं मी."

कुंदा उभीच राहिली. "कोण द्यायची?"

"शालन."

"भावोजी, तुमचां टकलां फिरलां काय? शालन जायफळ द्यायची? तुम्हाला काय माहीत हो ती काय द्यायची! तुम्ही रातपाळी करून यायचात नि भिंतीकडे तोंड करून घोरायचात."

मग तिने सांगितलं. शालन, हे तू मला कधीच का सांगितलं नाहीस?

महेश सहा महिन्यांचा असताना माझ्या आईने गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर जायफळ पाठवलं होतं. निरोप दिला होता, माझो झील रातपाळी करून येता, त्याची झोप मोडता नये, पोराक निजवून ठेव. तू सासूचं ऐकलंस. एकदा चाटवलंस. महेशने मान टाकली. कुंदा म्हणाली, "त्याला छातीशी धरून माझ्या दारात आली, तोंडातून शब्द फुटेना. तीन तास आम्ही दोघी त्याच्या नाकाशी बोट धरून बसलो होतो. तुम्ही आत झोपलेले. तो रडला तेव्हा ती हसली, आणि जायफळ उचलून मोरीत टाकलं. म्हणाली, कुंदे, यांच्या झोपेसाठी मी माझं पोर मारायचं होय?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमच्या आईचं नाव काढलं की तुम्ही कसे उसळायचात, ते विसरलात?"

त्यानंतर म्हणे, माझा रातपाळीचा आठवडा असला की सकाळी दहाला तू पोराला कडेवर घेऊन बाहेर पडायचीस. पुढे वैशालीही झाली, मग दोघांना घेऊन. पाठीमागच्या मैदानात. ऊन असो, धूळ असो. डब्यात भात घेऊन जायचीस, तिथेच भरवायचीस, तिथेच पदर अंथरून निजवायचीस, तीन वाजेपर्यंत. बारा बाय दहाच्या खोलीत बाप झोपलाय म्हणून. मला वाटायचं माझी पोरं गुणी आहेत, अगदी गप्प असतात! शालन, ती घरात नसायचीच!

आणि मी उठल्यावर तू दिसली नाहीस की काय करायचो? "चहा कुठे आहे?" एकदा तांब्या दारावर फेकला होता मी. तू उन्हाने काळी पडून आलीस, तांब्या उचललास, चहा ठेवलास. का नाही बोललीस? एकदा तरी? माझ्याशी बोलायला तुला इतकी भीती वाटायची का गं? तुझं हेच मला आज खूप लागलं. तू बोलली असतीस तर गुरुवारी माझा हात मसाल्याच्या डब्यात गेला नसता. नाही, हे पण मी तुझ्यावरच ढकलतोय. खोडून टाकू का? राहू दे. बघ, मी कसा आहे.

बेल वाजली. आले वाटतं. थांब.

*

परत बसलोय. साडेसहा झालेत. सगळं सांगतो, जसं झालं तसं.

नील ठणठणीत आहे, डॉक्टरांनी पुन्हा यायला नको म्हणून सांगितलं. दारातच मी म्हणालो, "अनुजा, जरा बस. मला बोलायचंय."

"बाबा, आत्ता नको. मुलांना भूक लागलीय."

"आत्ताच. नंतर माझ्याच्याने होणार नाही."

महेश म्हणाला, "जाऊ द्या ना बाबा, झालं ते झालं." त्यावर अनुजा म्हणाली, "नाही महेश. बोलू दे त्यांना."

मी उभ्यानेच सांगितलं. म्हटलं, तुझी सासू जायफळ देत नव्हती. मी डॉक्टरांसमोर खोटं बोललो. तिने आयुष्यात एकदा चाटवलं, तेही माझ्या आईच्या सांगण्यावरून, आणि घाबरून फेकून दिलं. माझ्या मुलांना कसं झोपवायचे हे मला माहीतच नाही, कारण तेव्हा मीच झोपलेला असायचो. मला माझी लाज झाकायची होती, म्हणून मी मेलेल्या बाईला पुढे केलं. असं शब्दाला शब्द नाही, पण असंच बोललो. मैदानाचंही सांगितलं. महेश खुर्चीत बसला. म्हणाला, "मला ते मैदान आठवतं बाबा. मला वाटायचं आई आम्हाला खेळायला नेते."

अनुजाने तुझ्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, "दोन दिवस मी आईंना काय काय बोलले."

"ते माझ्यामुळे."

"हो, तुमच्यामुळे." तिने माझी बाजू घेतली नाही, आणि मला ते बरं वाटलं. "बाबा, माझ्याशी नंतर बोला. ईरा परवापासून जेवत नाहीये. तिला वाटतं, तिने सांगितलं नाही म्हणून नील आजारी पडला. आज डॉक्टरांना विचारत होती, इज इट माय फॉल्ट. तिच्याशी बोला. मी इथेच बसते."

सहा वर्षांचं पोर, शालन! माझं ओझं ते वाहत होतं, आणि मी या चौदाव्या मजल्यावर लिफ्टची काळजी करत बसलो होतो!

ईरा पलंगाच्या कडेला बसली होती. मी खाली जमिनीवर बसलो. गुडघे वाजले. म्हटलं, "ईरा, चूक माझी आहे. तुझी काहीच नाही. नीलला मी आजारी पाडला. आणि तुला गप्प राहायला सांगितलं, ती माझी त्याहून मोठी चूक. कोणी मोठा माणूस म्हणाला ना, मम्माला सांगू नको, की पळत जायचं आणि मम्मालाच सांगायचं."

"तू म्हणाला तरी?"

"मी म्हणालो तर सगळ्यात आधी."

तिने विचार केला. खूप वेळ केला. मग ती पलंगावरून उतरली, आईसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मा, आजोबा चहात तीन चमचे साखर टाकतो. मंडेला पण, ट्यूसडेला पण. आणि मला म्हणाला, शू."

अनुजाने माझ्याकडे पाहिलं. "बाबा! डायबेटिसच्या गोळ्या चालू आहेत ना तुमच्या?"

महेशला हसू आवरेना. तो हसला म्हणून नील हसला, उगाच, टाळ्या वाजवून. अनुजा नाही हसली. पण ईराने वरणभात मागितला, आणि ती वाढायला उठली. ईरा जेवली, शालन. दोनदा भात घेतला.

आता तुला शब्द देतो. मला शब्द द्यायची भीती वाटते, पण देतो. या पोरांच्या तोंडात त्यांच्या आईला विचारल्याशिवाय मी पाण्याचा घोटही घालणार नाही. भीती वाटली तर ती बोलून दाखवेन, गॅस बघायला जाणार नाही. आणि मंगळवारी दादरच्या हॉलमध्ये अनुजाच्या आईपुढे मी स्वतः जाईन. तिच्या मनात तू जायफळवाली सासू होऊन बसली आहेस. मी तिला सांगेन, विहीणबाई, ते शालनने नाही केलं, मी केलं. चारचौघांत सांगेन. पंगत बसायच्या आधी सांगेन, कारण जेवल्यावर मला धीर होणार नाही.

तुझ्या मुलांचा बाप,
रघुनाथ